शेवटच्या कुस्तीचा पैसा

मराठवाड्यातल्या जत्रेतल्या फडाचा एक हिशेब असतो आणि तो गावातल्या प्रत्येकाला पाठ असतो. दुपारी कुस्त्या सुरू होतात त्या पोरासोरांच्या. नारळावर, दहा-वीस रुपयांवर. मग रक्कम चढत जाते, शंभर, पाचशे, हजार. आणि दिवस कलायला लागला की शेवटची इनामी कुस्ती लागते. फडाभोवतीची गर्दी तिच्यासाठी आलेली असते. यात्रा कमिटी वर्गणी मागायला निघते तेव्हा तिच्या तोंडी नाव असते ते या शेवटच्या जोडीचे. पण वर्गणी एकदा जमली की तिच्यातूनच नारळ येतात, हलगीवाल्याची बिदागी निघते आणि दुपारपासून लंगोट लावून बसलेल्या दहा वर्षांच्या पोराच्या हातावर वीसची नोट पडते. एका कुस्तीने बाकीच्या सगळ्या कुस्त्या पोसायच्या, असा ठराव कुठल्याही गावाने केलेला नाही. तरी तसे चालते.

अमेरिकेतल्या विद्यापीठांनी हीच रीत ठराव करून, करार करून आणि वकील लावून चालवली. तिथली शेवटची कुस्ती म्हणजे बास्केटबॉल. (आणि अमेरिकी फुटबॉल, किंबहुना मोठ्या विद्यापीठांत तोच मोठा भाऊ. पण ज्या विद्यापीठांकडे तगडा फुटबॉल संघ नाही, त्यांचा सारा भार बास्केटबॉलवरच.) या खेळाच्या तिकिटांतून, देणगीदारांच्या राखीव खुर्च्यांतून आणि मुख्यतः दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणाऱ्या पैशावर पोहणे, कुस्ती, तलवारबाजी, टेनिस असे आपल्या पायावर उभे न राहणारे खेळ जगतात, असा तिथला दावा आहे. तो कितपत खरा, हे पुढे येईलच. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत खेळाचा पैसा कुठून येतो, हे समजून घ्यायचे तर आधी हा परका हिशेब थोडा उलगडावा लागतो. कारण आपल्याकडे या विषयाची चर्चा बहुधा 'तिकडे बघा किती पैसा आहे' एवढ्यावरच थांबते.

बास्केटबॉलचा जन्मच शाळेच्या गरजेतून झाला. 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात चार भिंतींच्या आत खेळता येईल असा हा खेळ बेतला. पुढे तो कॅन्सस विद्यापीठात शिकवायला गेला आणि तिथल्या संघाचा प्रशिक्षकही झाला. गंमत अशी की बास्केटबॉलच्या या बलाढ्य विद्यापीठाच्या इतिहासात विजयांपेक्षा पराभव जास्त झालेला प्रशिक्षक एकच, खुद्द नाइस्मिथ. खेळातून पैसा करण्याचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. तो नंतर आला. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची नियामक संघटना, म्हणजे एनसीएए, 1939 पासून पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा घेते आहे. तीन आठवडे चालणाऱ्या या स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा 2010 मधला करार 14 वर्षांसाठी 1,080 कोटी डॉलरचा होता. 2016 मध्ये त्याला 880 कोटी डॉलरची जोड देऊन तो 2032 पर्यंत वाढवण्यात आला. यातला मोठा भाग विद्यापीठांच्या समूहांना वाटला जातो आणि वाटपाची तऱ्हा मोठी मजेशीर आहे. संघ स्पर्धेत जितके सामने खेळेल तितके 'युनिट' त्याच्या समूहाच्या खात्यावर पडतात आणि प्रत्येक युनिटचे पैसे पुढची सहा वर्षे हप्त्याने मिळत राहतात. म्हणजे एखाद्या लहान विद्यापीठाच्या पोरांनी एका मार्च महिन्यात दोन बड्यांना लोळवले, तर त्यांच्या समूहातल्या शेजारच्या विद्यापीठालाही सहा वर्षे त्याचा वाटा मिळतो.

हे यंत्र किती एकखांबी आहे, ते 2020 मध्ये दिसले. कोरोनामुळे 12 मार्चला स्पर्धा रद्द झाली. विद्यापीठांना त्या वर्षी 60 कोटी डॉलर वाटायचे ठरले होते. हाती आले 22.5 कोटी. जुलै उजाडेपर्यंत स्टॅनफर्डसारख्या गडगंज विद्यापीठाने आपल्या 36 खेळांपैकी 11 बंद करत असल्याचे जाहीर केले. तिथे आधीपासून असलेली तूट साथीने आणखी रुंदावली होती. त्या अकरांत कुस्ती होती. हॉकीही होती. लातूरच्या आणि नांदेडच्या वाचकाने इथे थोडे थांबावे. जे दोन खेळ या दोन गावांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले, तेच जगातल्या सर्वात श्रीमंत विद्यापीठांपैकी एकाला 'परवडेनासे' झाले. 2021 च्या मार्चमध्ये शेन ग्रिफिथ हा स्टॅनफर्डचा मल्ल विद्यापीठाचे नाव नसलेला काळा पोशाख घालून मॅटवर उतरला आणि राष्ट्रीय विजेता ठरला. मे महिन्यात विद्यापीठाने अकराही खेळ परत सुरू ठेवण्याचे जाहीर केले.

आता कमावता खेळ बाकीच्यांना पोसतो, या दाव्याचे. अमेरिकेतल्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे खेळतात. एनसीएएच्याच 2019 च्या आकडेवारीप्रमाणे त्यांतल्या पंचवीस क्रीडा विभागांचेच उत्पन्न खर्चाहून जास्त होते. उरलेल्यांची तूट कोण भरते? विद्यापीठाची मुख्य तिजोरी, आणि बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यांच्या फीमधली एक ओळ. झगझगीत हॉल, टीव्हीचे कॅमेरे, नाचणाऱ्या मुली हे सगळे बाजूला सारले तर तळाशी सापडते ती सत्र सुरू होताना फाडलेली पावती.

ती पावती नांदेडला चांगली ओळखीची आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 17 सप्टेंबर 1994 ची, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची. त्याआधी नांदेड, लातूर, परभणी हा सगळा मुलूख औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाखाली होता. ते 1958 चे. नव्या विद्यापीठाचा परिसर नांदेडजवळ विष्णुपुरीला, उपकेंद्र लातूरला आणि कार्यक्षेत्र नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. महाविद्यालये मात्र विद्यापीठापेक्षा कितीतरी जुनी: नांदेडचे पीपल्स कॉलेज 1950 चे, लातूरचे दयानंद 1961 चे, उदगीरचे उदयगिरी 1962 चे, राजर्षी शाहू 1970 चे. यांतल्या कुठल्याही मैदानावर आंतरमहाविद्यालयीन सामन्याला तिकीट लावलेले कुणी पाहिलेले नाही. लावले तर प्रेक्षक येणार नाहीत असे नाही. पण ते पैसे घ्यायचे कुणी आणि जमा कुठल्या खात्यात करायचे, इथपासून प्रश्न निघेल.

मग पैसा येतो कुठून? प्रवेश घेताना विद्यार्थ्याच्या शुल्कात क्रीडा शुल्काची, जिमखान्याची ओळ असते. त्यातला काही वाटा महाविद्यालयाकडे राहतो, काही विद्यापीठाकडे जातो. मार्चच्या आसपास अधिसभेपुढे अर्थसंकल्प येतो, त्यात क्रीडा विभागाचे शीर्ष असते. संचालक असतात, क्रीडा व शारीरिक शिक्षणाचे मंडळ असते. या रकमेतून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे यजमानपद दिले जाते, निवड चाचण्या होतात, सराव शिबिरे लागतात, संघाला ट्रॅकसूट आणि किट मिळते, प्रवास आणि दैनिक भत्ता निघतो. नांदेडचा संघ पश्चिम विभागीय स्पर्धेला निघाला की समोर महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा एवढा पसारा असतो. स्लीपरची तिकिटे, संघ व्यवस्थापकाने घेतलेली आगाऊ उचल, परत आल्यावर जोडायची बिले. या प्रवासातून परतलेल्या खेळाडूला इकडे 'कलर होल्डर' म्हणतात आणि ते बिरुद तो आयुष्यभर सांगतो.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत लोकप्रिय खेळ अप्रिय खेळांना पोसतो, निदान तसे म्हटले जाते. नांदेडमध्ये न खेळणारा विद्यार्थी खेळणाऱ्याला पोसतो. देगलूरहून किंवा अहमदपूरहून एसटीने येणारी, दोन तास करून घरच्या कामाला परतणारी, मैदानाच्या कडेनेही कधी न गेलेली कला शाखेची मुलगी, तीच इथले बास्केटबॉल. तिच्या पावतीवर तलवारबाजीचा संघ बाहेरगावी जातो. ही गोष्ट तिला कुणी सांगितलेली नाही आणि संघालाही ती ठाऊक नसते.

याचा एक चांगला परिणाम झाला आहे. कोणताच खेळ कमावत नाही, त्यामुळे कोणताच खेळ दुसऱ्यावर हुकूम गाजवू शकत नाही. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी स्पर्धा, बास्केटबॉल, शरीरसौष्ठव यांना एकाच शीर्षातून पैसे मिळतात, आणि बास्केटबॉलचा प्रशिक्षक तिरंदाजीच्या प्रशिक्षकाहून मोठा ठरत नाही. अमेरिकेत तो राज्याच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार घेतो. आपल्याकडची ही समता गरिबीतून आली आहे, हे खरे. पण आहे ती समताच. वाईट परिणाम असा की ज्याला मिळकत नाही त्याला आवाजही नाही. महाविद्यालयांतली शारीरिक शिक्षण संचालकांची पदे रिकामी राहिली, शिष्यवृत्तीच्या शुल्काचा हप्ता शासनाकडून लांबला, तर काटछाटीत क्रीडा विभागाची बाजू घेणारा प्रेक्षक कुठे नसतो.

कोरोनाच्या वर्षात हेच उघडे पडले. तिकडे प्रक्षेपण थांबले म्हणून खेळ बंद होत होते, आणि त्याच काळात महाराष्ट्रभर विद्यार्थी विचारत होते की महाविद्यालय बंद आहे, मैदान बंद आहे, तर जिमखान्याचे पैसे कशाचे? प्रश्न रास्त होता. पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी अशा शुल्कांत सवलतही द्यावी लागली. एका विषाणूने दोन्हीकडच्या खांबाला धक्का दिला. तिकडे खांब टीव्हीचा होता, इकडे पावतीचा.

लातूरमध्ये हा विषय आणखी तिरपा होतो. कारण लातूरकडे गर्दी खेचणारी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याही बास्केटबॉल संघाहून कमी नाही. वर्षाला राज्यभरातून हजारो मुले या गावात येतात, खोल्या घेतात, मेस लावतात. त्यांच्यामागे आईवडील येतात. निकालाच्या दिवशी चौकाचौकांत फ्लेक्स लागतात आणि त्यावर मुलांचे फोटो व गुण झळकतात. हा सगळा सोहळा अकरावी-बारावीचा आणि नीटचा. 'लातूर पॅटर्न' शाहू महाविद्यालयासारख्या ठिकाणी घडला तो जादा तास, सततच्या चाचण्या आणि काटेकोर उजळणी यांतून. नंतर त्याच्या अवतीभवती ट्यूशन एरिया उभा राहिला. अमेरिकी क्रीडा विभागाच्या चष्म्यातून पाहिले तर लातूरचा 'कमाईचा खेळ' हाच: नाव होते त्यामुळे, विद्यार्थी येतात त्यामुळे, गावाचे अर्थकारण फिरते त्यावर.

मग हा खेळ मैदानावरच्या खेळांना का पोसत नाही? उत्तर साधे आहे. त्याचा पैसा विद्यापीठाच्या अंगणात पडतच नाही. अकरावी-बारावी राज्य मंडळाकडे. शिकवणीची फी खासगी. नीटमध्ये उत्तम गुण मिळवणारा मुलगा जातो वैद्यकीय महाविद्यालयात, आणि त्याची संलग्नता नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी. जेईईवाला अभियांत्रिकीला गेला तर मराठवाड्यातली अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये 2017 नंतर लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेलेली. कृषीला गेला तर परभणीचे कृषी विद्यापीठ, 1972 पासूनचे. प्रत्येकाची क्रीडा शुल्काची ओळ वेगळ्या वहीत. नांदेडच्या वहीत उरतात प्रामुख्याने कला, वाणिज्य, विज्ञान, विधी, शिक्षणशास्त्र यांचे विद्यार्थी, म्हणजे बहुतेक ती कमी पैशांच्या घरांतून आलेली मुले. मराठवाड्याच्या खेळाचा भार सर्वात हलक्या खिशावर पडला आहे. हे कुणी मुद्दाम केलेले नाही, एकेक विद्यापीठ वेगळे होत गेले तसे ते घडले.

त्यात नीटच्या वर्षांत मैदानाला सुट्टी असते ती वेगळीच. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात तेवढ्यापुरते प्रमाणपत्र शोधले जाते. शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाने मात्र अनेक गरीब घरांतल्या मुलामुलींना मैदानावर टिकवून धरले. त्यांच्यासाठी 'कलर होल्डर' होणे हा छंद नसतो, पोलीस भरतीच्या रांगेत थोडे पुढे सरकण्याचा तो मार्ग असतो. खेळाचा खरा परतावा मराठवाड्यात या रूपाने येतो, आणि विद्यापीठाच्या ताळेबंदात तो कुठेच दिसत नाही.

लोक खेळासाठी पैसे देत नाहीत, असे मात्र म्हणता येत नाही. नांदेडला वर्षाच्या सरत्या आठवड्यांत खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरू गोबिंदसिंघजी गोल्ड आणि सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा भरते. देशभरातले संघ येतात. ती चालते शीख समाजाच्या, गुरुद्वाराच्या आणि शहरातल्या देणगीदारांच्या बळावर, अर्धशतकभर. मैदानाभोवती जो माणूस उभा असतो तो हॉकीचा जाणकार असेलच असे नाही. पण स्पर्धा आपल्या गावाची आहे हे त्याला माहीत असते. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजाराइतकीच कुस्त्यांची दंगल महत्त्वाची आणि त्या यात्रेच्या व्यवस्थेत जिल्हा परिषद उतरते. लातूर जिल्ह्याने हरिश्चंद्र बिराजदार दिले, 1969 चे महाराष्ट्र केसरी आणि 1972 चे रुस्तुम-ए-हिंद. 1977 मध्ये बेळगावला त्यांनी सतपालला हरवले, त्या कुस्तीच्या आठवणी अजून पारावर निघतात. पण बिराजदार मामांची घडण कोल्हापूरच्या तालमीत झाली आणि पुढे त्यांनी पुण्यात पोरे घडवली. साई गावचे मल्ल काका पवार, 1998 चे अर्जुन पुरस्कार विजेते, यांचेही कार्यक्षेत्र पुणेच. या भागाने वर्गणी दिली, कीर्ती मिळवली, तरी ज्या ठिकाणी वर्षभर खुराक, वस्ताद आणि निवारा मिळेल अशी संस्था विद्यापीठाच्या छायेत उभी राहिली नाही. जत्रेचा पैसा एका दिवसाचा असतो. खेळाडूला तो तीनशे पासष्ट दिवसांचा लागतो. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सुमित अंतिलबरोबर भारताचा ध्वज घेऊन चालल्या. त्यांच्यासारख्यांची वाटचाल या दोन्ही व्यवस्थांच्या, जत्रेच्या आणि पावतीच्या, बाहेरूनच बरीचशी झालेली असते.

देशपातळीवर पाहिले तर भारताचे 'बास्केटबॉल' म्हणजे क्रिकेट, हे सांगायला नकोच. आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांना 48,390 कोटी रुपये मिळाले. 2024 मध्ये ऑलिंपिकला जाणाऱ्या पथकासाठी क्रिकेट मंडळाने साडेआठ कोटी दिले. दिले हे चांगलेच झाले. पण ती मर्जी होती, रीत नव्हे. आणि विद्यापीठाच्या मैदानापर्यंत त्या प्रवाहाचा थेंब यायला कुठला पाट खोदलेलाच नाही.

विद्यापीठांमध्ये चढाओढ लागते ती पैशासाठी लागत नाही, गुणांसाठी लागते. देशभरातल्या विद्यापीठीय स्पर्धांतल्या कामगिरीवर मौलाना अबुल कलाम आझाद करंडक ठरतो. 1956-57 पासूनच्या या करंडकावर दीर्घकाळ पंजाबातल्या सरकारी विद्यापीठांचे, विशेषतः अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाचे वर्चस्व राहिले. 2024 चा करंडक चंदीगड विद्यापीठ या खासगी संस्थेने नेला. खासगी विद्यापीठाला खेळाडू शुल्कमाफी देऊन परवडतो, कारण पदक जाहिरातीत छापता येते आणि जाहिरात पाहून फी भरणारे विद्यार्थी येतात. अमेरिकेतल्या वर्तुळाचीच ही देशी आवृत्ती, फक्त मधला टीव्ही वगळून. नांदेडला हा मार्ग उघडा नाही. संलग्न महाविद्यालयात प्रवेश घेणारा मुलगा करंडक पाहून येत नाही. कॉलेज गावापासून किती किलोमीटरवर आहे हे पाहून येतो.

अमेरिकेतही जमीन सरकते आहे. जून 2025 मध्ये एका न्यायालयीन तडजोडीला मान्यता मिळाली आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा झाली, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. कमावणाऱ्या खेळातल्या पोरांनी आपला वाटा मागितला आणि त्यांची बाजू चुकीची म्हणता येत नाही. पण आजवर त्यांच्या घामावर पोहणारे जलतरणपटू आता धास्तावले आहेत. दुसऱ्या बाजूला 2024 च्या महिलांच्या अंतिम सामन्याला पुरुषांच्या अंतिम सामन्याहून अधिक प्रेक्षक मिळाले, पावणेदोन कोटींहून जास्त, आणि 2025 पासून महिलांच्या स्पर्धेलाही युनिटचे पैसे सुरू झाले. शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा 1972 चा कायदा नसता तर हा खेळ प्रेक्षक जमेपर्यंत तगलाच नसता. ज्या संघांवर पन्नास वर्षे 'खर्चिक' म्हणून बोट दाखवले गेले, त्यांतलाच एक कमावता झाला.

नांदेड-लातूरच्या बाबतीत पुढची काही वर्षे अशीच हलती राहतील. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्रीडा आणि आरोग्य हे सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत आले आहे. म्हणजे आजवर नुसती पावती भरणाऱ्या त्या विद्यार्थिनीला तिच्या गुणपत्रिकेत खेळाचे काहीतरी दाखवावे लागेल, आणि त्यासाठी मैदान, तास व शिक्षक मागण्याचा तिचा हक्क तयार होईल. तिने तो मागितला तर क्रीडा शुल्काचा किती भाग निवडक संघांच्या प्रवासावर आणि किती भाग तिच्यासारख्या हजारोंच्या रोजच्या अर्ध्या तासावर खर्च करायचा, हा वाद अधिसभेत येईल. अमेरिकेत तो वाद बास्केटबॉल विरुद्ध जलतरण असा आहे. विष्णुपुरीत तो 'कलर होल्डर' विरुद्ध कला शाखेचे प्रथम वर्ष असा असेल.